निळ्या पुठ्ठ्याची वही

एप्रिलात माझ्या गल्लीतून कुणी न शिंकता जात नाही.
सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे
दोन डंक, एक पल्वरायझर, एक वजनकाटा,
आणि आता मोबाईलमध्ये बसलेला हा नवा पोऱ्या:
पगार नाही, डबा नाही, शिंकही नाही.

भाच्यानं आणून बसवला, ओजसनं.
म्हणाला, मामी, रात्रीचे मेसेज हा बघेल, तुम्ही झोपा.
पहिल्याच आठवड्यात त्यानं तीन वर्षांच्या पावत्या चाळल्या
आणि सांगितलं, दगडफूल बंद करा, खप नाही.
मैनाबाई चाळण थांबवून हसली:
दगडफूल खपत नसतं रे बाबा, मुरतं.

पण खोटं कशाला बोलू.
ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी कुठल्या आठवड्यात,
हा हिशेब त्याचा माझ्यापेक्षा बरा निघाला.
गेल्या साली दोन पोती पांढरी पडली होती,
यंदा एकही नाही.
जीएसटीचा तक्ता त्यानं जुळवला त्या दिवशी
मी पायावर पाय टाकून चहा प्याले,
गरम.

मग तो मेसेज आला.
रात्री अकरा वाजून बारा मिनिटं, इंदिरानगरहून:
काळ्या मसाल्यात तीळ आहेत का? धाकटीला सोसत नाहीत.
आणि यानं लगोलग, अदबीनं,
हात जोडलेलं चित्र लावून लिहिलं,
नाहीत ताई, निश्चिंत राहा.

तीळ होते.
मी स्वतः भाजलेले, तडतडले तसं झाकण ठेवलेले.
पहाटे साडेपाचला वाचलं,
पायात काही न घालता शटरपर्यंत धावले.
पुडा अजून फळीवरच होता,
वर खैरनारबाईंच्या नावाची चिठ्ठी.
मी तिथेच धन्याच्या पोत्यावर बसून राहिले.

ओजस म्हणाला, त्याला माहीत नव्हतं.
म्हटलं, "माहीत नाही" असं म्हणायला
मैनाबाईला कधी शिकवावं लागलं नाही.

तेव्हापासून लिहितो तो, पाठवते मी.
आणि कुणी सोसण्या-न-सोसण्याचं विचारलं
की त्यानं गप्प बसायचं, मला उठवायचं.
झोप गेली ती गेलीच.

वही मात्र दिलेली नाही.
मागतो. दर सोमवारी मागतो:
ग्राहकांची माहिती जोडा, सेवा सुधारेल.
निळ्या पुठ्ठ्याची, हळदीनं कडा पिवळ्या झालेली वही,
तिच्यात चारशे घरांची प्रमाणं आहेत.
देवऱ्यांचं खोबरं करपायच्या एक क्षण आधी उतरवलेलं,
अहिऱ्यांकडे किलोला लवंगा मोजून अकरा,
सौंदाणकर वहिनींचं नाकेशर,
जे त्यांच्या जावेलाही ठाऊक नाही.
ती वही माझी नाही. मी फक्त कुटते.
दुसऱ्याच्या चुलीची गोष्ट
कुठल्या मुलखात, कुठल्या थंडगार खोलीत जाऊन पडेल
आणि उद्या कुणाच्या चकचकीत पाकिटावर छापून येईल,
मला कोण सांगणार?

काल म्हणाला, ब्याडगी चाळीस किलो घ्या.
बाजारात गेले, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
एक मिरची मोडली, हुंगली.
वीस घेतली.
घरी येऊन त्याला कळवलं, वीस.
तो म्हणाला, नोंद घेतली. कारण?
मी लिहिलं, शिंक आली नाही.

बराच वेळ
तीन टिंबं नाचत राहिली.