कलम सात

कलम सातमध्ये लिहिलं होतं:
गाजर, लांबी अठरा सेंटिमीटर, सरळ.
ते मीच टाइप केलं होतं, अकरा वर्षांपूर्वी,
आधीच्या कारकुनाच्या कागदावरून जसंच्या तसं.
सरळ का, हे कुणाला विचारलं नाही.
हिनोसावाच्या नगरपालिकेत
नाकासमोर चालणारा माणूस मी.

शाळेत दोनशे चौदा मुलं.
त्यांच्या जेवणाची गाजरं येत
आधी जहाजातून, मग ट्रकमधून,
थंडगार, एका मापाची,
कुठल्याच मातीचा वास नसलेली.

टोमिए कुवाबाताचं शेत
शाळेच्या स्वयंपाकघरापासून चारशे पावलं.
मी मोजली, पण फार नंतर.
तिथली जमीन खडकाळ. गाजर खाली जातं,
दगडाला अडतं, जरा थांबतं,
मग दोन पाय फुटून दोन दिशांना निघतं.
एक तर चक्क मांडी घालून बसलेलं.
ते माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली,
"हे नापास का, तेवढं लिहून द्या."

मी नियमांची वही काढली.
वहीत 'सरळ' होतं. 'का' नव्हतं.

तळघरात दोन दुपारी गेल्या.
तिसऱ्या कपाटात, ओल आलेल्या रजिस्टरात सापडलं:
पालिकेनं गाजरं सोलायचं यंत्र घेतलं होतं,
त्याच्या तोंडात वाकडं काही जात नसे.
पुढच्याच पानावर, वेगळ्या शाईत:
यंत्र नादुरुस्त. भंगारात दिले.
तारीख बघितली. माझी मुलगी तेव्हा रांगत होती,
आता ओसाकात घरमालकाशी भांडते.
यंत्र केव्हाच गेलं होतं.
त्याचं तोंड तेवढं उरलं होतं, माझ्या कलमात.

विषय सभेपुढे आला तो शेवटी,
मोरी आणि बर्फ उपसायच्या गाडीनंतर,
सातपैकी एक सभासद पेंगत असताना.
स्वयंपाकीण ओचिआई उभी राहिली, एप्रन न काढता:
"आम्ही हातानंच सोलतो, बावीस वर्षं झाली.
वाकड्याला वीस मिनिटं जास्त लागतील. लागू देत."
मुराकोशी म्हणाले, "आज गाजर. उद्या काय?"
"उद्या मुळा," ती म्हणाली.
कुणीतरी दर काढला: किलोमागे अकरा येन जादा.
"आणि ते अकरा येन जाणार कुठे?"
खिडकीजवळून उत्तर आलं, "चारशे पावलांवर."
तेव्हा पेंगणारा जागा झाला,
आणि त्यानं हात वर केला.
चार विरुद्ध तीन.

एक शब्द खोडायला एक क्षण लागला.
त्याच्या जागी 'याच तालुक्यातलं, मिळेल तेव्हा' लिहायला
तीन आठवडे.
'मिळेल तेव्हा' हे कायद्यात बसेना.
वकील म्हणाला, "केव्हा म्हणजे केव्हा?"
टोमिएला विचारलं. ती म्हणाली,
"ते गाजराला विचारा."

सगळं गोड झालं असं नाही.
फेब्रुवारीत चिखलानं स्वयंपाकघराची मोरी तुंबली,
तक्रार माझ्याच नावानं आली.
जुलैत शेतात काही नव्हतं, पुन्हा जहाज आलं.
आणि दुसरीतल्या एका मुलानं
ताटातली गाजरं चॉपस्टिकनं वेगळी काढली, रांगेत लावली,
आणि तशीच ठेवली.
वाकडी असोत, सरळ असोत, त्याला काय.

उरलंसुरलं आता दर शुक्रवारी
पालिकेच्या गाडीतून शेतावर जातं, खतासाठी.
ड्रायव्हरच्या शेजारी मी बसतो. माझं तिथे काम नसतं.
टोमिए बादलीत डोकावते,
मुलांनी काय टाकलं ते बघते,
बोलत काहीच नाही.
परवा तिनं मुठीएवढा दगड हातात दिला,
वाफ्यातून निघालेला, अजून गार:
"ठेवा तुमच्या कागदांवर. उडतात फार."

तो माझ्या टेबलावर आहे.
त्याच्याखाली कलम आठ:
मुळा, लांबी पस्तीस सेंटिमीटर,
सरळ.