एकाचा नऊ

नळ आधीच बसवून घेतला होता.
न्हाणीघराच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीवर, पितळी.
प्लंबर म्हणाला, बाई, मशीन कधी?
म्हटलं, रिफंड आला की.
चौदा हजार दोनशे साठ.
बेरीज तीनदा केली होती,
चौथ्यांदा नुसती मजा म्हणून.

आले दोनशे साठ.

वाटलं, पुढचे आकडे मोबाइलच्या कडेबाहेर गेलेत.
चष्मा पुसला. बोटाने सरकवून पाहिलं.
दोनशे साठच.
मागील येणे वळते करून.

हरभट रोडला, भांड्यांच्या दुकानावर, अंधाऱ्या जिन्याने वर
शकील मकानदार बसतो, लोकांचे कर भरतो.
माझ्याच वर्गातला. पहिलीत 'ळ' उलटा काढायचा.
त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली:
आकारणी वर्ष दोन हजार दहा-अकरा,
मुद्दल पाच हजार सहाशे,
दीडशे महिन्यांचं व्याज आठ हजार चारशे.
"नोटीस आली होती की बाई,
मान्य की अमान्य, एकवीस दिवसांत कळवा म्हणून."
ती गेली पुण्याला, भाच्याच्या ईमेलवर.
तिथं बुटांच्या सेलखाली
माझे एकवीस दिवस गाडले गेले.

पण कापला होता रे. पगारातूनच कापला होता.

गावभागात पाणी शिरलं त्या साली
ट्रंक चार दिवस बुडालेली.
आतले कागद एकमेकांना धरून बसलेले,
पुरणपोळीच्या पदरासारखे.
चहाच्या आधणाची वाफ देत देत
एकेक सोडवला.
पगाराच्या चिठ्ठ्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका,
आणि पंचायत समितीला दिलेल्या अर्जाची स्थळप्रत.
त्यावर माझा पॅन नंबर, माझ्या हातचा.
अक्षरं इंग्रजी, आकडे मात्र आपले.
शेवटून दुसरा: १.

शकीलने त्यांच्याकडची नोंद काढली.
तिथे 9.

आधी गोळा, मग खाली शेपूट.
एकतीस वर्षं हेच शिकवलं मी,
तासगाव तालुक्यातल्या तीन शाळांत,
पाटीवर, वाळूत, शेंबड्या पोरांचा हात हातात धरून.
तोच गोळा, तेच शेपूट
कुणा टायपिस्टने पाहिलं, नऊ दाबला
आणि जेवायला गेला असेल.
चुकला, असं तरी कसं म्हणू?
त्याला दिसलं ते त्याने लिहिलं.

"दुरुस्तीचा अर्ज टाकू," शकील म्हणाला,
"समितीने जुनं विवरण सुधारून दिलं तर."
'तर' त्याने फार जपून ठेवला,
काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखा.

म्हणजे कुठेतरी एक माणूस आहे,
एका आकड्यापुरता मी नसलेला.
नांदेडला असेल, नाहीतर पार आसामात.
त्याच्या खात्यावर माझे पाच हजार सहाशे.
त्यालाही आला असेल एखादा मेसेज,
त्यानेही चष्मा पुसला असेल.
विचारलं असेल का कुणाला, हे कुणाचे?
की बायकोला म्हणाला असेल,
चल, आज बाहेर जेवू.
त्याचा राग यावा म्हणून मी थोडी थांबले.
आला नाही.
मशीनचा मात्र आला, जे अजून घेतलंच नाही त्याचा.

अर्जावर सही केली.
खाली तारीख. अकरा अकरा.
"बाई, इंग्रजीत हां," तो म्हणेपर्यंत
हाताने पहिला गोळा काढला होता,
शेपूटही.
मी वर पाहिलं.
शकीलने खण उघडला
आणि काही न बोलता
व्हाइटनर माझ्यापुढे सरकवला.