फिरून म्हणा

ओझरच्या टॉवरवर तीनला ट्री म्हणायचं,
पाचला फाइफ, नवाला नायनर.
प्रशिक्षणात आम्ही सगळे हसलो होतो,
मी जरा जास्तच.
मला वाटायचं, आकडे माझ्या घरचेच.
अण्णा पिंपळगावच्या मार्केटात आडत्याकडे दिवाणजी.
कांद्याचा लिलाव ट्रॉलीमागून ट्रॉली सरकायचा,
आणि ते त्या कालव्यात चिठ्ठ्या फाडत जायचे.
चिठ्ठी हातात देण्याआधी भाव मोठ्यानं म्हणवून घ्यायचे,
आधी व्यापाऱ्याकडून, मग ट्रॅक्टरवर बसलेल्याकडून.
एकोणसाठ की एकोणसत्तर?
लोक वैतागायचे. 'ऐकलं की, दिवाणजी.'
'ऐकलं नका सांगू. काय ऐकलं ते सांगा.'

डिसेंबर. सकाळचे आठ चाळीस.
द्राक्षबागांवर धुकं, कारखान्याची चाचणी-उड्डाणं थांबलेली,
टॉवरच्या काचांना आतून घाम.
माझ्याकडे दोन विमानं:
चार एक सहा, दिल्लीहून, नऊ हजार फुटांवर.
चार सहा एक, हैदराबादहून, त्याच्याखाली, सात हजारांवर.
जुळ्यांना एकाच रंगाचे शर्ट घालून
एकाच वर्गात बसवावं, तसे हे आकडे.

मी म्हटलं: चार सहा एक, सहा हजारांवर या.
उत्तर आलं: सहा हजारांवर येतोय, चार एक सहा.

इथे थांबायला हवं होतं.

टेपवर ते लख्ख ऐकू येतं.
चौकशीच्या खोलीत गायधनी साहेबांनी चार वेळा लावली,
चहावर साय धरली,
आणि चारही वेळा माझा आवाज म्हणाला, बरोबर.
इतक्या निवांतपणे, जणू कुणी विचारलंय
आमटीत मीठ पुरे ना.

खोटं सांगत नाही. त्या सकाळी मी चार सहा एकच ऐकलं होतं.
कानावर आलं ते नव्हे,
तोंडातून नुकतंच गेलं होतं ते.
कागदी पट्टीवर सहाचा आकडा लिहिला,
आणि पेनाला टोपण लावलं. ते टोपणही आठवतं.

वरचं विमान ढगातून खाली निघालं.
खालच्याच्या डोक्यावर ढगच होता.
सहा सेकंद. सात.
मग एका मुलीचा आवाज, सहवैमानिक असावी,
तिच्या इंग्रजीत थोडं जळगाव होतं:
'ओझर, ते... ते आम्हाला होतं का?'

आपल्यात असं विचारत नाहीत.
बँकेत, वर्गात, डॉक्टरांसमोर
आपण मान डोलावतो, हं म्हणतो,
आणि जिन्यात आल्यावर एकमेकांना विचारतो,
काय म्हणाले गं ते?
तिच्याकडे जिना नव्हता.

चार एक सहा थांबलं
तेव्हा आठ हजारांना शंभर कमी होते.
दोन्ही उतरली, पंधरा मिनिटांच्या अंतरानं.
स्वेटर, पिशव्या, झोपलेली पोरं खांद्यावर,
आणि फोनवर प्रत्येक जण: पोचलो, पोचलो.
त्यांतली कुठली मुलगी ती, वरून कळलं नाही.

अण्णांना सांगितलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.
'किती?'
'शंभर फूट.'
'शंभरानं कमी,' त्यांनी म्हणून पाहिलं,
भाव असावा तसं,
आणि बराच वेळ अंगठ्यानं तर्जनीचं पेर चोळत राहिले,
जिथे पूर्वी कार्बनची शाई असायची.

काल ड्युटी सुटल्यावर ओझर फाट्याला थांबलो आम्ही.
'दोन कटिंग, एक बिनसाखरेचा.'
पोऱ्या फडकं झटकत म्हणाला,
'दोन बिनसाखरेचे, एक कटिंग.'
मागे ट्रकचा हॉर्न,
आणि माझी मान
हलायला लागलीसुद्धा होती.