तीन का, एक का नाही

दोन दिवसांचं प्रशिक्षण, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये.
खाली फर्निचरचं दुकान, जिनाभर पॉलिशचा वास.
व्यसनमुक्तीवाल्यांना जागा बरी शोधलीय,
असं पायगोंडा मगदूम म्हणाला.

शिकलगार मॅडमनी पहिल्या तासालाच
आमचे आवाज आम्हाला ऐकवले.
टेपमधली मी:
वीस मिनिटांत एकतीस प्रश्न,
सात सल्ले, दोनदा लिव्हरचं चित्र,
आणि समोरच्याचं म्हणणं उचलून
परत त्याच्याच हातात ठेवलं, असं एकदा.
तेही चुकून.
चौदा वर्षं मी ज्याला समुपदेशन म्हणत आले
त्यातून माझ्या वडिलांचा आवाज आला,
गडहिंग्लजच्या शाळेत
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराशी बोलतानाचा.

वहीत लिहून घेतलं: दुरुस्त करायची खाज.
पायगोंडानं खाली दोन रेघा मारल्या.
तो इचलकरंजीचा, घरात यंत्रमाग.
तुटका धागा दिसला की बोटं आपोआप जातात, म्हणाला.
मॅडम म्हणाल्या, इथं धागाच गाठ मारतो,
तुम्ही हात मांडीखाली घ्या.
तो खरंच दुपारभर हातांवर बसला.

मग जोड्या. रोहिणी हावळ पेशंट झाली, मी मी झाले.
बायको माहेरी गेली, ती म्हणाली.
मी तोंड उघडलं, मॅडमनी टेबलावर पेन वाजवलं.
पुन्हा उघडलं. पुन्हा पेन.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, घर खायला उठतंय.
आणि रोहिणी, जिचं लग्नच झालेलं नाही,
खिडकीकडं बघत राहिली.
जेवताना आम्ही दोघी फक्त लोणच्याबद्दल बोललो.

सोमवारी ओपीडीत तातोबा चौगुले.
गुळव्या, चिखलीकडचा.
याआधी तीनदा दाखल, तीनदा शपथ,
तिन्ही शपथा माझ्याच अक्षरात फायलीला टाचलेल्या.
शून्य ते दहा, मी विचारलं,
दारू सोडणं आज किती महत्त्वाचं वाटतंय?
तीन, म्हणाला,
पडलेला भाव सांगावा तसा.

जिभेवर आलंच होतं, तीनच?
रिपोर्ट बघा, पोरगी लग्नाला आलीय.
हात मांडीखाली घेतले.
तीन का, म्हटलं. एक का नाही?

पंखा फिरत होता.
बाहेर कुणीतरी एकवीस नंबर पुकारला,
एकवीस नंबर आला नाही.

"काहील उतरायची येळ," तो म्हणाला,
"सांगून कळत न्हाई.
बुडबुडा फुटायचा आवाज बदलतो. जाड हुतो.
माझ्या बाला डोळं झाकून कळायचं. मलाबी.
औंदा दोन आदणं करपली."
जरा थांबला.
"आन् चुलवाणाच्या कडंला गेलो की
धाकटा मागनं सदरा धरून हुबा असतुया.
त्याला वाटतं, मला कळत न्हाई."

तो आवाज यायचा, मी म्हटलं,
आता मधे काहीतरी येतं.
"दारू येती," तो म्हणाला.
मी नाव घेतलं नव्हतं.

यापेक्षा मोठं काही घडलं नाही.
तो उठला, चपला शोधल्या,
मग काय ठरलं, असं मी विचारलं नाही,
तरी दारात थांबून म्हणाला, बघू की.

बघू की.
आमच्याकडं याच दोन शब्दांत उसने पैसे परत येतात,
बुडतात, सोयरिकी जमतात, मोडतात.
फॉर्मवर याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, पेन्सिलनं.

संध्याकाळी मॅडमना टेप पाठवली, त्याला विचारून.
उत्तर आलं:
अकरा सेकंद गप्प बसलात, छान.
नंतरचं 'हंऽऽ' मात्र मास्तरांचं.

रात्री लेक म्हणाला, गणितात पस्तीस.
मी तोंड उघडलं.
घरात पेन वाजवायला कुणी नाही.