बेदाण्याच्या शेडात

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, म्हणून नावही नव्हतं.
पहिलं पान सातवं, त्यावर शाळेचा जांभळा शिक्का
आणि शेळीच्या चित्राला कुणीतरी पेनानं काढलेल्या मिशा.

सावळजला मार्चात शाळा सकाळची.
दुपारी आई मला शेडात न्यायची.
हिरव्या जाळीखाली, गंधकाच्या वासात
बायका ओळीनं बेदाणा निवडत बसायच्या:
पिवळा इकडं, काळपट तिकडं, काडी वेगळी.
माझ्यानं काम कमी, चरणं जास्त.
शेवंताक्का म्हणाली, "वाच की मग कायतरी मोठ्यानं,
रेडिओचं सेल संपल्यात."

त्या पुस्तकात एक गाव होतं.
चार घरं, एक ओढा, चिंचेला झोपाळा,
चिमा, तिचे दोन भाऊ, लंगडी शेळी पाखरी.
पोरं उजाडता बाहेर पडायची
आणि दिवेलागणीला परतायची,
तेव्हा गरम भाकरी त्यांची वाट बघत असायची.

"थांब," मुमताजभाभी म्हणाली. "भाकरी थापली कुणी?"
मी मागचं पान बघितलं. लिहिलं नव्हतं.
"आन् शेळीची धार? दिवसभर हुंदडत्यात कार्टी,
शेण कोण भरतंय?"
"त्या गावात बाया हाईत का न्हाईत?"
"हाय की, आई हाय. मघाशी दारात हसली न्हाई का."
"दारात हसून घर चालतंय व्हय?"
सगळ्या खिदळल्या, ढिगावर वाकून.
माझी आई नाही. ती काड्या वेचत होती.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं:
"चिमाची आई पहाटे चारला उठली.
तिनं शेण काढलं, पाखरीची धार काढली,
आणि उठताना तिच्या कमरेत कळ आली."
शेवंताक्काचा हात थांबला.
"आत्ता कसं," म्हणाली.

मग मला चटकच लागली.
ओढ्याच्या प्रकरणात मी तिला पाण्यात उतरवलं, लुगड्यासकट.
आजारपणात तिच्या उशाशी चिमाला बसवलं.
जत्रेत तिला पाळण्यात घातलं,
तिनं सबंध गाव वरून बघितलं, आपलं कौलसुद्धा,
आणि खाली यायला नको म्हणाली.
मी पानं वेळेवर उलटायचे,
बोट ओळीवरून फिरवायचे, अगदी सावकाश.
एकदा मुमताजभाभी पाणी प्यायला उठली,
माझ्या खांद्यावरून वाकून पुस्तकात बघत राहिली.
तिला वाचता येतं, हे मला कुठं माहीत होतं?
ओढणी सारखी करून जाग्यावर बसली.
"हं," म्हणाली, "पुढं?"

परवा सांगलीत, गणपती पेठेच्या तोंडाशी एका दुकानात
पाखरी दिसली. पुठ्ठ्यावरच. मिशांशिवाय.
आता पुस्तकाला नाव आहे, नवी आवृत्ती आहे, चित्रं रंगीत.
रात्री लेकीला वाचून दाखवायला घेतलं.
छान आहे. खोटं कशाला बोलू, खरंच छान आहे,
ओढा अजून तेवढाच गार लागतो पायाला.
जत्रेपाशी मात्र मी अडकले.
पाळण्यात तिघं पोरंच.
आई खाली उभी,
तिघांच्या चपला हातात धरून.

"मग?" लेक म्हणाली.
मी पान पुढं, मागं करत राहिले,

आणि आतल्या खोलीतून, अंधारातून, आईचा आवाज आला.
मला वाटलं होतं झोपली असेल.

"उतरली का गं ती?"