सोनटक्के, खैरानी रोड

बंपर काढला त्याला चार महिने झाले.
बासष्ट सालची फियाट
कवळी धुवायला काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी
गेटजवळ उभी,
वायपरखाली सोसायटीची नोटीस.

कुर्ल्याच्या माणसानं आठवड्यात काम दिलं,
अगदी आरसा, पेपरात गुंडाळून.
दादरच्या खाऱ्या हवेत दोन महिन्यांत
उकडलेल्या अंड्यासारखी सालं निघाली,
खाली तांबं नव्हतंच.
फोन केला तर म्हणाला,
साहेब, शो तर आला होता ना?

दुसरा फक्त नळ करायचा,
पाचशे नगांच्या खाली हात लावत नव्हता.
माझ्या दारांच्या चार मुठींकडे त्यानं असं पाहिलं
जसा मी लग्नाच्या आचाऱ्याकडे
एका वाटीची आमटी मागतोय.

मग साकीनाका, खैरानी रोड,
भंगाराच्या काट्यामागून आत, गाळा नंबर अकरा.
अंबादास सोनटक्के.
आडनावात सोनं, हयात क्रोममध्ये.
टाकीच्या वाफेनं नाकाचा आतला पडदा कधीच खाल्लाय;
दूध करपलं की बायकोनं सांगायचं, मग कळतं.
त्यानं हेडलाइटची रिंग नखानं वाजवली,
कानाशी धरली,
कुर्ला का, म्हणाला.

मुलामा म्हणजे झाकणं, असं वाटतं लोकांना.
क्रोम काही झाकत नाही हो,
केसाच्या जाडीचासुद्धा नसतो,
खाली जे असेल तेच मोठ्यानं बोलतो.
आधी सोलायचं. मग घासायचं.
तांबं चढवायचं, परत घासायचं,
मग निकेल,
आणि क्रोम अगदी शेवटी,
पाच मिनिटांचा पाहुणा.

भाव ऐकून मी हबकलो.
कमी करा की थोडं, म्हटलं.
तो म्हणाला, घासणं कमी करू?

तिसऱ्या आठवड्यात त्याचाच फोन:
डाव्या कोपऱ्यात शिसं भरलंय कुणीतरी,
खाली पोचा आहे, तळहाताएवढा.
मी म्हटलं, माहितीय, ट्रामचा आहे,
खोदादाद सर्कल, त्रेसष्ट साल;
ज्यांच्याकडून गाडी घेतली
त्या रोडाबाई दस्तूरांनी व्यवहाराच्या दिवशीच सांगितलं होतं.
पलीकडे बफिंगचं चाक गुरगुरत होतं.
ट्राम नाही, म्हणाला सोनटक्के,
उभी धार आहे. हा खांब आहे.

रोडाबाई एक्क्याऐंशीच्या. फोनवर आधी खोकल्या,
मग खूप वेळ हसल्या.
ट्राम कसली रे डिकरा!
कॉलनीचा फाटक होता.
सोराब ऑफिसला गेला की मी चोरून शिकत होते.
त्याला ट्राम सांगितली.
बिचारा मरेपर्यंत ट्रामला शिव्या घालत होता,
ती बंद झाली त्या रात्री
सगळ्या मजल्याला आइस्क्रीम दिला त्याने.

आता शिसं परत भरायचं का,
सोनटक्के विचारत होता.
मी खूप वेळ काही बोललो नाही,
त्याचं चाकही थांबलं.
ठेवा, म्हटलं. पोचा ठेवा.

पोच्यात बफ जात नाही, बोटानं घासावं लागतं,
सपाटीच्या तिप्पट वेळ.
त्यानं बिलात वेगळी ओळ टाकली:
खड्डा, हाताने, साडेआठशे.
बंपर द्यायला आला तेव्हा
अंगठ्याचं नख झिजून अर्धं झालं होतं,
आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते जडशीळ पोर
त्यानं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं, घाईघाईत;
गाळा तळोजाला हलवायचाय,
महिनाअखेरपर्यंत टाक्या रिकाम्या करायच्या होत्या.

रविवारी रोडाबाईंना चक्कर मारायला नेलं.
त्या आधी गाडीपुढे गेल्या, काठी टेकून वाकल्या.
पोच्यात तोंड उलटं दिसतं,
तरी त्यांनी केस नीट केले.
मग पुढे बसल्या, काच खाली घेतली,
आणि कॉलनीच्या वळणावर म्हणाल्या,
फाटकाशी जरा हळू घे हं.