कुंपण

आजोबा दारूच्या थेंबाला शिवले नाहीत,
तरी फ्लोरेस बेटावर त्यांचं नाव पडलं झिंगलेला एझेकियेल.
धक्क्यावरचा पोलीस येता-जाता त्यांचं तोंड हुंगायचा.
मग वडील. ते भिंत धरून चालायचे,
आणि काळ्या दगडांची ती भिंत
त्यांच्या तळहाताच्या उंचीवर अजून गुळगुळीत आहे.

आता ग्वाल्तेर, माझा भाऊ. वय एकेचाळीस.
दुधाची बादली घेऊन निघाला की
गोठ्यापासून दारापर्यंत पांढरी नागमोडी रेघ.
मांजरं मागे मागे, खूश.

जानेवारीत वाऱ्याने दोनदा विमान परतवलं,
तिसऱ्यांदा आम्ही पोंता देल्गादाला पोचलो.
डॉक्टर आवेलार बुटक्या, नखांत बागेची माती.
म्हणाल्या, चूक जनुकात आहे,
तीन अक्षरं, जीभ अडकल्यासारखी
पुन्हा पुन्हा पुन्हा लिहिली गेलीत.
ती आज आम्हाला खोडता येत नाहीत.
पण मेंदूत पेशींच्या भोवती राखणदार असतात.
कचरा उचलायचा, वाळकी फांदी मोडायची, एवढंच त्यांचं काम.
इथे कचरा संपतच नाही. ते झोपत नाहीत.
तापतात, फुगतात, आणि एक दिवस
धडधाकट पेशीही त्यांना कचराच दिसते.

मी म्हटलं, म्हणजे कुंपणच शेत खातं.

मी आमच्या कुरणाबद्दल बोलत होते.
वाऱ्याला आड म्हणून पणजीने लावलेली हायड्रेंजिया,
ऑगस्टात निळी, बोटीतून उतरलेले लोक फोटो काढतात,
आणि दरसाल हातभर गवत गिळते.
उपटून टाका, म्हणायचा शेजारचा ओर्लांदो.
त्याने त्याची उपटली.
पुढच्या हिवाळ्यात त्याचं वासरू कड्यावरून खाली गेलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
औषधही उपटणार नाही, म्हणाल्या. छाटेल.
छाटेल असं उंदरांवरून तरी वाटतं.

मग मला विचारलं, तुमचीही तपासणी करू या का?
म्हटलं, गायी खोळंबल्यात.

रोज दोन कॅप्सूल. औषध की नुसता स्टार्च
हे आम्हाला ठाऊक नाही, त्यांनाही नाही,
लिस्बनमधल्या एका कपाटाला ठाऊक आहे.
पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, त्यात धग किती ते मोजायला.
मला वाटलं होतं लालसर असेल.
नळाच्या पाण्यासारखं होतं.
मग आठ मीटर चालणं, घड्याळ लावून.
मग दहा सेकंदांत 'पाता' किती वेळा म्हणता येतं.
निरोगी माणूस तिशीच्या आसपास जातो.
पाता म्हणजे आमच्याकडे बदकीण.
ग्वाल्तेरला हसू फुटलं, आकडा वाया गेला,
पुन्हा घेतला. एकोणीस.

एप्रिलात एकोणीस. जुलैत एकोणीस.
आई मेणबत्ती घेऊन चर्चकडे निघाली.
मी म्हटलं, आकडा उतरला नाही
म्हणजे चढला असं नव्हे.
ती म्हणाली, तुझे वडील दर तीन महिन्यांनी
एक पायरी विसरायचे.

ऑक्टोबरात अठरा. पण त्याला सर्दी होती.

आता नोव्हेंबर. कुरणात आम्ही दोघं, दोन कोयते.
तो बसून छाटतो, मी उभी राहून.
वाळलेल्या फुलांचे तपकिरी गोळे गवतात घरंगळतात.
एक फांदी त्याच्याकडून बुंध्यापासून तुटली.
बराच वेळ हातात धरून बसला,
मग म्हणाला, फुटेल.

रात्री सगळे निजले की
मी न्हाणीघरात नळ सोडते, घड्याळ समोर ठेवते,
पाता पाता पाता पाता
काल दाराबाहेर इरियाची पावलं वाजली.
आई, आत बदकं आहेत?
हो, म्हटलं. जा, झोप.
सव्वीस आहेत.